जिवंत ठोकळे

“थांबू नकोस ताई. थांबलीस की मी जड होते,” चैताली माझ्या कानाशी म्हणाली.

मी दहाव्या पायरीवर होते. आमच्या शाळेच्या जिन्याला बावीस पायऱ्या. चैताली माझ्या पाठीवर, तिचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती, आणि तिचे पाय माझ्या कोपरांत अडकवलेले. जन्मापासूनच तिच्या मणक्यात दोष होता. पाय असून नसल्यासारखे. खाली व्हरांड्यात तिची चाकाची खुर्ची, वर संगणकाची खोली आणि मधे मी. ती आठवीत होती, मी दहावीत. सहावीत असताना ती पाठीवर दप्तरासारखी वाटायची. आता सोळाव्या पायरीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत.

संगणकाची खोली मणेर मॅडमच्या ताब्यात होती. कुठल्याशा संस्थेनं दिलेली बारा जुनी यंत्रं, त्यातली सात चालू. त्यांत एक ठोकळ्यांचा खेळ होता. एकावर एक ठोकळे रचायचे, घरं बांधायची, पूल बांधायचे. मुलांना क्षेत्रफळ-घनफळ समजावं म्हणून मॅडमनी तो ठेवला होता. बाकीची पोरं त्यात किल्ले बांधायची आणि एकमेकांचे पाडायची. चैतालीनं मात्र आमची शाळा बांधायला घेतली.

“किल्ला बांध की,” मी म्हटलं होतं.

“किल्ल्यात नुसते मेलेले ठोकळे लागतात.”

“म्हणजे?”

“दगड, लाकूड, काच. ठेवले की पडून राहतात.” तिनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. “हे बघ. हे जिवंत. हा खटका. ही पाटी, हिच्यावर वजन पडलं की दार उघडतं. हा दट्ट्या, हा पुढचा ठोकळा ढकलतो. हे रूळ. यांना काहीतरी करता येतं.”

आमचे अप्पा मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या पंपांच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. शाळा सुटली की चैताली त्यांच्या दुकानातच असायची. कुठल्या तारेतून काय जातं आणि खटका कुठं तुटलाय हे तिला माझ्या आधी कळायचं. त्यामुळे हा खेळ तिच्या हातात पडला आणि ती सुटलीच.

शाळा तिनं हुबेहूब उभी केली. फाटक, ध्वजाचा कट्टा, पाण्याची टाकी, व्हरांड्याच्या तीन पायऱ्या, बावीस पायऱ्यांचा जिना. मग तिनं त्यात शाळेत नसलेल्या गोष्टी घालायला सुरुवात केली. पायऱ्यांशेजारी उतार. उतारावरून रूळ, रुळावर एक छोटी गाडी. गाडी दाराशी आली की पाटीवर वजन पडायचं आणि दार आपोआप उघडायचं. जिन्यापाशी दट्ट्यांची लिफ्ट. एकाखाली एक दट्टे, खालचा वरच्याला उचलणार, वरचा त्याच्या वरच्याला. ती जमवायला तिला पाच आठवडे लागले. गाडी दर वेळी मधेच अडकायची. एकदा वैतागून तिनं टेबलावर एवढ्या जोरात मूठ आपटली की मॅडम शेजारच्या खोलीतून धावत आल्या.

“काय झालं गं?”

“नववा दट्ट्या उशिरा उठतोय.”

आणि ज्या दुपारी गाडी फाटकातून निघाली, उतार चढली, दार उघडलं, लिफ्ट वर गेली आणि संगणकाच्या खोलीत येऊन थांबली, त्या दुपारी ती नुसती तीच गाडी पुन्हा फाटकापाशी नेऊन पुन्हा वर आणत राहिली. सात-आठ वेळा.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक रणपिसे सर वर आले. पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं, तोंडात सगळ्यांसाठी ‘बाळा’. ते चैतालीच्या मागे उभे राहिले.

“हे कुणी केलं, बाळा?”

“मी.”

“आपलीच शाळा! बघू बघू.” त्यांनी खुर्ची ओढली, गाडीत बसून एक फेरी मारली, लिफ्ट वर गेली तसे लहान मुलासारखे हसले. मग खुर्ची मागे सरकवली. मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याची खूण दिसली.

“मणेर मॅडम, जानेवारीत आदर्श शाळेच्या पुरस्कारासाठी तपासणी आहे ना? हेच दाखवायचं. अपंग विद्यार्थिनीनं साकारलेली अडथळामुक्त शाळा. एकदम पहिल्या नंबराचं काम.”

चैतालीनं मान वर केली. “सर, मग असा उतार खरा करणार?”

“अगं, आहे की आपल्याकडे.”

“कुठं?”

“सगळं कागदोपत्री पूर्ण आहे. तू नको काळजी करू.” त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि गेले.

मणेर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. चैतालीनं त्यांना विचारलं, “मॅडम, कागदावर काय आहे?”

मॅडमना खोटं बोलता यायचं नाही. “फोटो आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वीचा. तू आहेस त्यात.”

मला तो दिवस आठवला. चैताली सहावीत होती. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर एक मोठी फळी टाकलेली, वर हिरवा गालिचा. तिला खुर्चीसकट चौघांनी उचलून त्यावर ठेवलं. दोघं मागून खुर्ची धरून खाली वाकले, फोटोत दिसू नये म्हणून. ‘हस बाळा,’ सर म्हणाले आणि ती हसलीही होती. आम्हा दोघींना वाटलं होतं, आता रोज असंच. दुसऱ्या दिवशी फळी मांडववाल्याकडे परत गेली.

“म्हणजे त्यांनी मला घसरगुंडीवर बसवून फोटो काढला,” चैताली म्हणाली, “आणि आता हे दाखवून म्हणणार, बघा, सगळं आहे.”

मॅडमनी खिडकी लावून घेतली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मी जाते, विचारते सरांना. चैताली म्हणाली, “विचारून काय होणार? ते हो म्हणतील. ते नेहमीच हो म्हणतात.”

डिसेंबरात सरांनी आई-अप्पांना बोलावून घेतलं. मी खुर्चीच्या मागे उभी होते, चैताली खुर्चीत. सरांनी चहा मागवला.

“पांचाळ, मुलगी रत्न आहे तुमची. पण बघा, आठवीपर्यंत कायद्यानं जबाबदारी आमची. नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर. थोरली यंदा दहावी होऊन बाहेर पडणार. मग हिला वर नेणार कोण? शिपाईमामांचं वय झालं. उद्या पाडलं-बिडलं म्हणजे?”

“मग काय करायचं सर?” अप्पांनी विचारलं.

“घरीच अभ्यास करू दे. वेळ आली की सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बसेल दहावीला. हुशार आहे, घरबसल्या पास होईल. मी स्वतः सही करतो.”

अप्पांनी कपातला चहा तसाच ठेवला. अधिकारी माणसासमोर त्यांना शब्द सुचत नसत. आई पदराशी चाळा करत होती. आणि चैताली सरांकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता ही काहीतरी फेकून मारणार. पण ती एवढंच म्हणाली, “सर, मग जानेवारीत पाहुण्यांना माझी शाळा दाखवायची की नाही?”

“अगं म्हणजे काय! दाखवायचीच!”

घरी आल्यावर आई-अप्पा बराच वेळ बोलत बसले. मीही चार शब्द बोलले. चैताली पडद्याआड आतल्या खोलीत होती.

तपासणीच्या दिवशी आम्हाला नऊ वाजताच बोलावलं होतं. फाटकाला तोरण, कट्ट्याला चुना, व्हरांड्यात रांगोळी. सर आमची वाटच बघत होते.

“हिला आधीच वर नेऊन बसव,” ते मला म्हणाले. “तिथं साध्या खुर्चीवर. आणि मामा, ही चाकाची खुर्ची जिन्याखाली सरकवा. वर सतरंजी टाका. बरं दिसत नाही.”

चैताली तेव्हा माझ्या पाठीवर होती. मामा तिची खुर्ची ढकलत नेतायत, झाडू आणि बादल्यांच्या मधे ठेवतायत, वर धुळकट सतरंजी पसरतायत, हे तिनं सगळं बघितलं. तिच्या हातांचा विळखा माझ्या गळ्याभोवती घट्ट झाला. 

वर आल्यावर तिनं मॅडमना म्हटलं, “मला एक तास द्या. शेवटचा हात फिरवायचाय.”

मॅडम खाली पाहुण्यांच्या स्वागताला गेल्या. मी खिडकीत उभी. मागे तिची टिकटिक चाललेली, एकसारखी, चिडलेली.

“काय करतेयस गं एवढं?”

“साफसफाई.”

साडेदहाला गाडी आली. जिल्ह्याहून आलेल्या कोरे मॅडम पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज खालचा. त्यांच्याबरोबर दोन कारकून, मागे आमचे सर, चार शिक्षक, पुष्पगुच्छ. सरांनी ओळख करून दिली. “ही आमची चैताली पांचाळ. हिनं आपली शाळा बनवलीय मॅडम, संगणकावर. उतार, स्वयंचलित दारं, सगळ्या सुविधांसकट. बसा, बघा तरी.”

कोरे मॅडम यंत्रासमोर बसल्या. चैतालीनं शेजारून सांगितलं, “मॅडम, मी तुम्हाला गाडीत बसवलंय. या कळेनं पुढे जायचं.”

फाटक उघडलं. गाडी पुढे निघाली, ध्वजाच्या कट्ट्याला वळसा घालून व्हरांड्यापाशी आली, आणि पहिल्या पायरीला थडकून थांबली.

मी पडद्याकडे बघतच राहिले. उतार नव्हता. रूळ पायऱ्यांपाशी संपत होते. पलीकडे दाराची पाटी नव्हती, जिन्यापाशी दट्टे नव्हते. पाच आठवडे खपून बसवलेलं सगळं गेलं होतं. उरली होती ती आमची शाळा, जशीच्या तशी.

“पुढे जात नाहीये,” कोरे मॅडम म्हणाल्या. त्यांनी कळ दोन-तीनदा दाबली. गाडी नुसती थडथडली.

“हो. नाही जात,” चैताली म्हणाली.

“मग उतरायची कळ कुठली?”

“उतरायचं नाही, मॅडम. मला उतरता येत नाही.”

 कोरे मॅडमनी मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या पायांकडे, साध्या खुर्चीकडे.

सर पुढे झाले. “काहीतरी बिघाड झालाय. मणेर मॅडम, बघा जरा. परवापर्यंत चालत होतं, मी स्वतः—”

“बिघाड नाही सर,” चैताली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी काढलंय ते. आपल्या शाळेत जे नाही ते सगळं काढलं. पाहुण्यांना खोटं कशाला दाखवायचं?”

“बाळा, अगं, उतार आहे आपला—”

“तो मांडववाल्याचा होता सर.”

एक कारकून खोकला. कोरे मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “रणपिसे सर, तुमच्या अहवालात उताराचा फोटो आहे. मला तो उतार दाखवा. आत्ता.”

“हो हो, दाखवतो की. फक्त जरा दुरुस्तीसाठी...” सर बोलत बोलत दाराकडे गेले, मागे कोरे मॅडम, त्यांच्यामागे सगळी वरात. जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि खोलीत आम्ही दोघीच उरलो.

मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. “चैते!” मी तिचे खांदे धरले. “अगं काय केलंस तू! तोंड बघितलंस का त्यांचं? चल, खाली जाऊ, पुढचं बघायला हवं.” मी नेहमीसारखी तिच्यापुढे पाठ करून वाकले.

तिचे हात गळ्यात आले नाहीत.

“चल ना.”

“हमालाला आज सुट्टी,” ती म्हणाली.

मी वाकलेली तशीच राहिले. त्या डिसेंबरातल्या संध्याकाळी आई मला म्हणाली होती, तू इथंच अकरावीला राहा, कॉलेज शाळेच्याच आवारात आहे, दोन वर्षं तिला वर ने, मग बघू. मला जिल्ह्याच्या कॉलेजात जायचं होतं. माझ्या तीन मैत्रिणी जाणार होत्या. मी ओरडले होते, ‘मी काय जन्मभर तिची हमाली करू? सर बरोबर बोलतायत. राहू दे तिला घरी, तिचंही बरं, माझंही बरं.’ मला वाटलं होतं, ती झोपलीय.

“चैते, मी तेव्हा रागात—”

“सरांवर चिडतेस ना तू? रोज चिडतेस. मोठ्यानं.” आता तिचा आवाज चढला. “सर तरी माझ्या तोंडावर बोलले. तू पडद्यामागून बोललीस.”

“तुला काय माहीत पाठ कशी जाते ती! तुला काय, तू नुसती बसतेस!” माझ्या तोंडून निघून गेलं. अजूनही आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

ती हसली. वाईट हसली. मग तिनं टेबल धरलं, खुर्चीवरून अंग खाली सोडलं आणि फरशीवर बसली. हातांवर भार देत, पाय मागे ओढत दाराकडे सरकू लागली.

“काय करतेस? कपडे खराब होतील. चैते!”

ती जिन्यापाशी पोचली. पहिली पायरी. दोन्ही तळवे टेकायचे, अंग उचलायचं, खाली ठेवायचं, मग पाय हातानं उचलून पुढच्या पायरीवर. दुसरी. तिसरी. सातव्या पायरीला तिचा तळवा घसरला आणि कोपर आपटलं. मी पुढे धावले.

“हात लावलास तर किंचाळेन.”

मी थांबले. ती उतरत राहिली आणि मी एकेक पायरी मागून, रिकाम्या हातांनी. आयुष्यात त्या बावीस पायऱ्यांएवढं लांब अंतर मी दुसरं चालले नाही.

खाली सगळे उभे होते. व्हरांड्यात दाखवायला काहीच नव्हतं, त्यामुळे ते परत फिरले होते. वर्गांच्या दारांतून पोरं डोकावत होती.  फक्त तिच्या तळव्यांचा आवाज येत होता.

“अगं बघतेस काय, उचल तिला!” सर माझ्यावर खेकसले.

“नको,” चैताली म्हणाली. पाच पायऱ्या राहिल्या होत्या. “हे बघू दे ना त्यांना. हेपण अहवालात लिहा.”

शेवटच्या पायरीवरून ती जिन्याखाली सरकली, सतरंजी ओढून फेकली. बादली गडगडत व्हरांड्यात गेली. खुर्ची धुळीनं माखली होती. खुर्चीत चढायला मात्र तिला जमेना. दोनदा प्रयत्न केला. तेव्हा कोरे मॅडम पुढे आल्या, तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, “मी मदत केली तर चालेल?”

तिनं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

खुर्चीत बसल्यावर कोरे मॅडमनी तिला विचारलं, “नववीला कुठला वर्ग तुझा?”

“नाही मॅडम. मी घरी बसणार आहे. सतरा नंबर.”

“कुणी ठरवलं?”

चैतालीनं सरांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. नाव मात्र कुणाचंच घेतलं नाही.

पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या शाळेला गेला. रणपिसे सरांचं काही वाकडं झालं नाही. एक खुलासा मागवला गेला, त्यांनी तो तीन पानी लिहिला. पण कोरे मॅडमचं पत्र दर महिन्याला यायचं, आणि मे महिन्यात व्हरांड्यापाशी सिमेंटचा उतार झाला. त्या महिन्याच्या पत्राची प्रत आमच्या घरीही आली, तिच्यात आणखी एक ओळ होती: या विद्यार्थिनीचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा. ही ओळ मी घरात सगळ्यांसमोर दोनदा वाचली. आई, अप्पा, मणेर मॅडम, मी, एवढी वर्षं तिला उचलून नेणारे आम्ही सगळे, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

चैताली माझ्याशी बोलायची ती कामापुरती. पाणी दे, दार लाव. ‘ताई’ हा शब्द गेला होता. मी जिल्ह्याच्या कॉलेजात नाव घातलं. तेही सांगायला हवं. मी गेलेच.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी तिला पोचवायला गेले. पाचवीचा वर्ग वर आणि नववीचा खाली असं ठरलं होतं. नववीची पोरं बाकं घेऊन जिन्यावरून उतरत होती, पाचवीची दप्तरं घेऊन वर चढत होती. आरडाओरडा, हशा, धूळ. रणपिसे सर घड्याळ बघत व्हरांड्यात उभे. चैतालीनं खुर्ची त्यांच्याजवळ उभी केली आणि ती सगळा वेळ ते बघत राहिली. अठरा बाकं, एक टेबल, एक फळा. प्रार्थनेच्या आत सगळं झालं. पाऊण तास.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं बाळा. जा वर्गात.”

ती वर्गाच्या दारापर्यंत गेली आणि दारातच खुर्ची आडवी लावून वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. जिन्यावरून घसरली तेव्हाही ती रडली नव्हती. आता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“एवढंच होतं, सर?”

“घंटा झालीय बाळा. चल, आत चल.”

ती हलली नाही. तिच्यामागे नववीची अख्खी रांग खोळंबली.  प्रार्थनेचं ध्वनिक्षेपक यंत्र खरखरून बंद पडलं.

“मी विचारलं काहीतरी सर.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी तिला आवरावं. मी आवरलं नाही. त्यांनी रुमालानं मान पुसली.

“हो,” रणपिसे सर म्हणाले. “एवढंच होतं.”

मग तिनं चाकं वळवली आणि आत गेली.